पैलवानाचं दूध

डॉक्टर मोहरीलांनी माझं मनगट धरलं तेव्हा त्या हातात लाठी होती आणि ती उगारलेली होती.

सकाळच्या गिनतीची वेळ. आमच्या जिल्हा तुरुंगातल्या तीन नंबरच्या बराकीपुढे कैदी जोडीजोडीनं उकिडवे बसलेले. पुंजाजी नावाचा एक काटकुळा कैदी तेवढा ओळ सोडून भिंतीला टेकून राहिला होता. विहिरीवरच्या मोटारीची तार चोरली या आरोपावरून तो आत आला होता आणि खटला उभा राहायची वाट बघत पडला होता. मी दोनदा ओरडलो. "उठनं होत नाई, सायेब," तो म्हणाला, आणि तेही माझ्याकडे न बघता. गिनतीच्या वेळी हवालदाराला असं उत्तर दिलेलं खपलं, तर दुसऱ्या दिवशी अख्खी बराक भिंतीला टेकते. माझा हात वर गेला.

डॉक्टर नेमके तेव्हाच तिथून चालले होते. तुरुंगात रुजू होऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. त्यांनी लाठी धरली असती, मध्ये पडले असते, तर मी समजू शकलो असतो. नव्या माणसाला असा उमाळा येतो आणि महिन्याभरात जातो. पण त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली, दुसऱ्या हातावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि ओठ हलवत मोजायला लागले. सगळी बराक बघत होती.

"गावंडे, तुम्हाला चक्कर येते का हो कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"येईल. चला जरा माझ्याबरोबर."

पुंजाजी राहिला तिथेच, भिंतीला टेकलेला. मला डॉक्टरांनी दवाखान्याच्या खोलीत नेलं, दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि पाऱ्याकडे बघून मान हलवली. वडील कशानं गेले म्हणून विचारलं. लकव्यानं, असं मी सांगितल्यावर नुसतं "हं" म्हणाले. डॉक्टर लोकांच्या "हं"ची मला आजही धास्ती वाटते. मग एकेक हुकूम सुटले. जेवणात मीठ अर्ध्यावर आणायचं. रोज सकाळी येऊन प्रेशर दाखवायचं आणि एक पांढरी गोळी त्यांच्यासमोर घ्यायची. आवाज चढवायचा नाही.

"आणि हात तर अजिबात उचलायचा नाही," ते म्हणाले. "राग आला की आतली नस ताणली जाते. फुटली, तर मग मी काही करू शकणार नाही."

वडिलांचं वाकडं झालेलं तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवशी मी कुणावर ओरडलो नाही. घरी बायकोनं अळणी भाजी वाढली, ती मुकाट्यानं गिळली. पण हात धुऊन पान लावायला बसलो आणि मग मात्र डोकं चालायला लागलं. नवा डॉक्टर येतो काय, आणि सगळ्यात आधी फाटकावर झडती घेणाऱ्या हवालदाराची दुखरी जागा शोधून काढतो काय! याला माझ्याकडून काय हवंय?

संशय घेणं ही माझी नोकरीच होती. समोरच्याच्या अंगावर काहीतरी लपवलेलं आहे असं धरूनच मी हात घालायचो, आणि बहुतेक वेळा ते निघायचंच. चपलेच्या तळव्यात गांजा, भाकरीच्या पापुद्र्यात ब्लेड, एकदा तर एका म्हातारीच्या अंबाड्यात विड्यांचं बंडल. माझे सोबती मला 'एक्सरे' म्हणायचे. मला ते आवडायचं.

आणि मोहरील डॉक्टरांत संशय घेण्यासारखं इतकं होतं की कुठून सुरुवात करावी ते कळेना. नागपूरला शिकलेला, हाताला गुण असलेला माणूस. बाहेर दवाखाना टाकला असता तर दारात रांग लागली असती. तो तुरुंगाची नोकरी मागून घेतो म्हणजे काहीतरी भानगड करून आला असणार. शिवाय दुपारनंतर कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत, एका पत्र्याच्या खोलीत, गरीबगुरिबांना फुकट तपासत बसायचे. आत कैद्यांच्या सडलेल्या जखमा स्वतःच्या हातानं धुवायचे. हातमोजे घालून नाकाला रुमाल लावणारे डॉक्टर मी पाहिले होते. हा माणूस खाली फरशीवर बसकण मारून कैद्याचा पाय मांडीवर घ्यायचा. इतकं चांगलं कुणी असतं का? माझ्या अनुभवात तरी नव्हतं. मी त्यांची बॅग रोज उपसायचो. ते शांतपणे उभे राहायचे आणि शेवटी म्हणायचे, "तो बाजूचा कप्पा राहिला बघा, गावंडे." त्यानं तर मला जास्तच शंका यायची.

मग ते दुधाचं प्रकरण आलं.

तुरुंगात दूध सगळ्यांना मिळत नाही. डॉक्टरांनी एखाद्याला दूध 'लावलं', तरच त्याच्या नावाचा पेला सकाळी बराकीत जातो. म्हणून दुधाला भारी भाव. पूर्वीच्या एका डॉक्टरांच्या काळात दूध कुणाला लागायचं ते कैद्याचा भाऊबंद संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी काय घेऊन गेला यावर ठरायचं, अशी कुजबुज होती. मोहरील डॉक्टरांनी पहिलं दूध लावलं ते पुंजाजीला. त्यात काही वावगं नव्हतं. त्याला रक्ताची उलटी झाली होती. सरकारी दवाखान्यातल्या सर्जननं पोटात जखम आहे, ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं होतं. पण हा सापळा टेबलावर घेतला तर टेबलावरच राहील, आधी अंगावर थोडं मांस चढवून आणा, असंही बजावलं होतं. डॉक्टरांनी ते फारच मनावर घेतलं. दर सोमवारी पुंजाजीला वजनकाट्यावर उभं करायचे आणि काटा थांबेपर्यंत स्वतः श्वास धरून राहायचे. आणखी दोन आजारी म्हाताऱ्यांनाही त्यांनी दूध लावलं. तेही ठीक.

पण अशाच एका सोमवारी त्यांनी उत्तम धांडेला दूध लावलं.

धांडे म्हणजे तीन नंबरच्या बराकीचा धनी. तालमीत वाढलेला, जमिनीच्या वादात चुलतभावाचा पाय तोडून शिक्षा भोगायला आलेला. त्याला सगळे पैलवान म्हणत, आमचे शिपाईसुद्धा. खिडकीजवळची जागा त्याची, आंघोळीला पहिलं पाणी त्याचं. मान अशी की कॉलरचं बटण लागायचं नाही. या माणसाला दूध! त्याच्याबरोबर त्याच्या दोन चेल्यांनाही. मी कान टवकारले.

दुसऱ्या दिवशी गोळी घ्यायला गेलो तर पैलवान आधीच आत होता. मी पडद्याबाहेर थांबलो. आतून त्याचा दबलेला आवाज आला.

"कुनाले सांगू नोका, डाक्टरसायेब. बराकीत माही काही इज्जत राहनार नाई."

"माझ्याकडून बाहेर जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तू तुझं कबूल केलेलं पाळ. दूध रोज मिळत राहील."

पैलवान बाहेर आला, मला बघून चपापला आणि नजर चुकवून निघून गेला. त्या दांडगोबाला नजर चुकवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझी खात्री पटली. कसला तरी सौदा होता, आणि मला फक्त माल कुठे आहे ते शोधायचं होतं.

साप्ताहिक सुटीच्या दिवशी मी साधे कपडे घालून जिनिंगच्या मागच्या वस्तीत गेलो. डॉक्टरांच्या खोलीसमोर चहाची टपरी होती, तिथे बसलो. ओट्यावर बायकांची रांग होती, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पायाला चिंधी. तेवढ्यात फटफटीवरून एक जण आला. त्याला तिथलं पोरसोर ओळखत होतं; केशव हातभट्टीवाला. तो रांगेकडे न बघता सरळ आत गेला. डॉक्टरांनी उठून त्याला खुर्ची दिली. त्या खोलीत खुर्ची एकच होती, डॉक्टर स्वतः स्टुलावर बसायचे. बोटाला कुठे खरचटलं होतं तेवढ्यासाठी त्याला मलमपट्टी, चौकशी, पाठीवर हात. रांगेतल्या तापानं फणफणलेल्या पोरी तशाच बसून. तुरुंगात पैलवान, बाहेर हातभट्टीवाला. मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहायला घेतला.

रांगेतल्या एका बाईनं मला ओळखलं. पुंजाजीची बायको. मुलाखतीच्या दिवशी मीच तिची झडती करवून घ्यायचो. ती उठून टपरीपाशी आली आणि पदर सावरून लांबच उभी राहिली.

"हवालदारसायेब, मानसाचं वजन वाढलं का?"

वाढतंय म्हणतात, असं मी तुटकपणे सांगितलं.

"डाक्टर म्हनते, अजून थोडं वाढलं का ऑपरेशन करू. नाई केलं तर..." तिनं पुढचं सोडून दिलं. "दूध पुरं भेटते म्हने त्याले आता. मुलाखतीत तोच सांगत व्हता. पुरं भेटते."

'पुरं' हा शब्द ती दोनदा बोलली. मला तो खटकला, पण का खटकला ते कळलं नाही. मी केशवकडे बोट करून विचारलं, की हा मागून येऊन आधी घुसतो याचा तुम्हाला राग येत नाही का. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

आमचे अधीक्षक ठोसर साहेब भित्रे होते, वाईट नव्हते. दुधाची मागणी एकदम का वाढली हे वरच्या कचेरीतून विचारलं गेलं होतं आणि तपासणीला अधिकारी येणार होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"गावंडे, तुमची नजर चांगली आहे. या डॉक्टरचं काही असेल तर मला आधी कळलं पाहिजे. तपासणीवाल्याला नंतर."

मी पडद्याआडून ऐकलेलं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. तसं असेल तर आपण होऊन डॉक्टरला घालवलेलं बरं, म्हणाले. पण पुरावा हवा. तेव्हा मीच ती युक्ती सुचवली. डॉक्टर एका दिवसासाठी मीटिंगला बाहेरगावी जाणार होते. त्या सकाळी पैलवान आणि त्याच्या चेल्यांचं दूध फाटलं म्हणून सांगायचं, बाकीच्यांचं द्यायचं. सौदा असेल तर पैलवान उसळेल, कबूल केलेलं कुठे गेलं म्हणून आरडाओरडा करेल, आणि मी दाराच्या फटीशी उभा असेनच.

ठरल्याप्रमाणे झालं. दूध वाटणारा कैदी बादली घेऊन आत गेला, पुंजाजीला आणि दोन्ही म्हाताऱ्यांना पेले भरून दिले, पैलवानाला फाटल्याचं सांगून परत गेला. मी फटीला डोळा लावला.

पैलवान ओरडला नाही. काही वेळ खिडकीखाली बसून राहिला, छातीवरून हात फिरवत. मग उठला आणि सावकाश चालत पुंजाजीपाशी गेला. नुसता हात पुढे केला.

पुंजाजीनं पेला ओठांना लावलेला होता. त्यानं तो खाली घेतला. जिथे ओठ लागले होते ती कड सदऱ्याच्या टोकानं नीट पुसली आणि पेला पैलवानाच्या हातात दिला.

पैलवान प्यायला आणि रिकामा पेला परत दिला. पुंजाजीनं त्यात माठातलं घोटभर पाणी ओतलं, पेला गोल फिरवला आणि ते पांढुरकं पाणी पिऊन टाकलं. तिकडे चेल्यांनी म्हाताऱ्यांपुढे हात केले होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही, कुणी आमच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. सगळं इतकं ठरल्यासारखं चाललं होतं की हे आज पहिल्यांदा होत नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मी फटीपासून बाजूला झालो. याच बराकीत आदल्या वर्षी सदाशिव नावाचा एक म्हातारा खंगून गेला होता. त्याला दूध लावलेलं होतं. रोज सकाळी दूध आत जाताना मी स्वतः पाहिलं होतं, आणि तरी हा वाळत का चाललाय म्हणून आम्ही सगळे नशिबाला बोल लावत होतो. दूध आत जातं की नाही एवढंच मी बघितलं होतं. ते कुणाच्या पोटात जातं हे बघणं झडतीत बसत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर परतल्या परतल्या मी दवाखान्यात गेलो. सकाळची गोळी राहिली होती, हे निमित्त. त्यांनी मला बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला. मी जे पाहिलं ते सांगितलं. दूध मीच थांबवायला लावलं होतं, हेही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते पट्टा गुंडाळत राहिले.

"पुंजाजीनं कड पुसून दिली?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हो."

"हं."

"तुम्ही पैलवानाला दूध लावलं ते याच्यासाठी?" मी विचारलं. "त्यानं पुंजाजीचं घेऊ नये म्हणून?"

"दुसरं काय करणार, तुम्हीच सांगा. आजाऱ्याला माझ्यासमोर बसवून दूध पाजलं असतं, तर बराकीत गेल्यावर त्याची भाकरी गेली असती. तो हिशेब कुठूनतरी वसूल होतोच."

"मग साहेबांना सांगायचं. धांडेला अंधारकोठडीत टाकू, चार फटके देऊ."

"आणि चार फटके खाल्लेला पैलवान बराकीत परत आला की ते कुणावर उतरवेल? त्याला दुसरीकडे हलवलं तर त्याच्या जागेवर दुसरा बसेल. खिडकीजवळची जागा कधी रिकामी राहिलेली पाहिलीय तुम्ही?" त्यांनी फुगा दाबायला सुरुवात केली. "ज्याच्या अंगात दुसऱ्याचं हिसकावून घ्यायची ताकद आहे, त्याचं पोट आधी भरायचं. मला तरी दुसरा उपाय सापडलेला नाही. हा काही न्याय नव्हे, मला कळतं. पण न्याय कोर्टात असतो. माझ्याकडे वजनकाटा आहे. त्यावर पुंजाजी उभा राहिला की काटा थोडा पुढे सरकलेला मला बघायचाय, बस."

"पण पैलवान नुसत्या दुधावर कसा गप्प राहतो? त्याला कबूल काय करायला लावलंत?"

डॉक्टर पहिल्यांदाच थोडे ओशाळले. "त्याला मी सांगितलंय की त्याच्या काळजाला सूज आहे. दूध घ्यायचं आणि राग टाळायचा. कुणावर हात टाकला तर काळीज तिथेच बंद पडेल म्हटलं. फार घाबरलाय बिचारा. बराकीत कुणाला कळू देऊ नका म्हणून पाया पडत होता."

मला हसूच फुटलं. पडद्याआडून ऐकलेला तो मोठा सौदा हा असा निघाला. आणि तो वस्तीतला हातभट्टीवाला? ते म्हणाले, पहिल्या महिन्यात त्याच्या माणसांनी खोलीचं दार दोनदा तोडलं होतं. आता तो खुर्चीवर बसून जातो, आणि बायका रात्रीसुद्धा पोर घेऊन येऊ शकतात.

"त्याच्या काळजाला खरंच सूज आहे का?" निघताना मी विचारलं.

"राग आला की कुणाच्या काळजाला नसते, गावंडे?" ते म्हणाले, आणि पाऱ्याकडे बघून गंभीर झाले. "आज तुमचं चढलंय बरं का. दगदग कमी करा."

दोन दिवसांनी तपासणी झाली. अधिकारी तरुण होता आणि हुशार होता, म्हणजे आमच्या दृष्टीनं धोकादायक. दूध लागलेल्या कैद्यांना त्यानं अंगणात उभं करायला लावलं. पुंजाजी, दोन म्हातारे, दोन चेले, आणि त्यांच्या शेजारी पैलवान, पिंपळाच्या बुंध्यासारखा. अधिकारी त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"डॉक्टर, हा आजारी आहे?"

"माझं निदान तसं आहे," मोहरील म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हात पाठीमागे घट्ट धरलेले मला मागून दिसत होते.

"यादीत याचं आणि याच्या जोडीदारांचं दूध मला पटत नाही. मी बंद करायला सांगणार आहे. आणि हे कुणाच्या सांगण्यावरून सुरू झालं त्याचीही चौकशी होईल." मग तो ठोसर साहेबांकडे वळला. "तुमच्याकडे गावंडे कोण? त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही असं ऐकलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं, हा आता सगळं ओकणार. मीच त्यांच्या डोक्यात ते भरलं होतं आणि नंतरचं सांगायला तोंड उघडलं नव्हतं, कारण भित्र्या माणसाला गुपित सांगितलं की ते दोघांच्या अंगावर येतं. मी एक पाऊल पुढे आलो. पुंजाजी जमिनीकडे बघत उभा होता. त्याचे गाल थोडेसे, अगदी थोडेसे भरले होते.

"साहेब, मलाही संशय होता," मी म्हणालो. "म्हणून मी पाळत ठेवली. परवा सकाळी याचं दूध चुकलं तर हा छातीवर हात धरून बसला होता. मी दाराच्या फटीतून पाहिलंय. आपल्याला कुणी पाहतंय हे त्याला माहीत नव्हतं, तेव्हा सोंग म्हणता येणार नाही."

यातला शब्दही खोटा नव्हता. नोकरीत मी यापेक्षा मोठी थाप कधी मारली नाही.

आणि मग ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती ते झालं. पैलवानाचा चेहरा पडला. बराकीपासून लपवलेलं भर अंगणात उघडं झालं होतं. त्याचे डोळे भरून आले.

"खरं हाय, सायेब," तो म्हणाला. "माह्या काळजाले सूज हाय. डाक्टर हाय म्हनून जिता हावो मी."

एवढा मोठा माणूस अधिकाऱ्यासमोर लहान मुलासारखा रडायला लागला. त्या तरुण अधिकाऱ्यानं चेल्यांचं दूध बंद करायला सांगितलं आणि पैलवानाचं राहू द्या म्हणाला. चेल्यांची डॉक्टरांना चिंता पडली, पण ती वाया गेली. आपल्यासारखंच सुजलेलं काळीज कुणाचंही असू शकतं हे पैलवानाच्या मनावर इतकं बिंबलं होतं की म्हाताऱ्यांपुढे हात करणाऱ्या चेल्याला त्यानंच दटावलं.

पुंजाजीचं ऑपरेशन थंडी संपता संपता झालं. मी पहाऱ्यावर होतो. सर्जननं बाहेर येऊन सांगितलं की जगेल, तेव्हा त्याची बायको तिथेच फरशीवर बसली. डॉक्टर मोहरील भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. पुढे पुंजाजी सुटला. पैलवान शिक्षा संपवून बाहेर पडला तेव्हा डॉक्टरांच्या पाया पडून गेला आणि गावी कुठल्याशा देवळात पुजाऱ्याच्या हाताखाली लागला म्हणतात. डॉक्टरांची बदली दुसऱ्या तुरुंगात झाली. जाताना त्यांनी मला त्या गोळीचं नाव लिहून दिलं, मीठ आणि राग दोन्ही सांभाळायला सांगितलं. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

हे सगळं जुनं झालं. मी आता मुलाकडे राहतो. मागच्या महिन्यात सून मला तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी प्रेशर घेतलं. मग दुसऱ्या हाताचं घेतलं. मग उभं करून घेतलं.

"काका, ही गोळी तुम्हाला कुणी दिली?" त्यांनी गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून विचारलं.

मी नाव सांगितलं. मोठा देवमाणूस होता, असंही सांगितलं.

"ही हाडांची गोळी आहे, कॅल्शियमची. हिचा प्रेशरशी काही संबंध नाही." त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. "आणि तुम्हाला प्रेशर नाही. कागदपत्रं बघता पूर्वीही कधी असेल असं वाटत नाही."

कधी कधी असं आपोआप बरं होतं का, असं मी विचारून पाहिलं. त्या हसल्या आणि नाही म्हणाल्या.

परत येताना रिक्षात सून काहीतरी बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं. मला ते मनगट आठवत होतं, भर बराकीसमोर धरलेलं, आणि त्याच्या वरच्या टोकाला उगारलेली लाठी. पैलवानाला दूध, केशवला खुर्ची. आणि तिसरा कोण, हे त्या एक्सरे म्हणवणाऱ्या माणसाला आयुष्यभर दिसलं नव्हतं. मला राग आला. खूप राग आला. मला, गावंडे हवालदाराला, त्यांनी धांडेच्या रांगेत उभं केलं होतं. इतकी वर्षं अळणी खाल्लं मी! किती जणांवर उचलायचा हात उचलला नाही, किती वेळा तोंडाशी आलेलं ओरडणं गिळलं, नस फुटेल म्हणून. आणि मग, रिक्षा सिग्नलला थांबली होती तेव्हा, सदाशिवनंतर त्या बराकीत माझ्या पाळीत कुणी मेलं नव्हतं हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं की आजपासून मला सगळ्यांच्यातलीच भाजी वाढ. तिला आनंद झाला. तिनं वांग्याची भाजी वाढली, वर लोणच्याची फोड ठेवली. मी पहिला घास घेतला. भाजी खारट होती, तोंडात धरवेना. ओरडायला मी तोंड उघडलं; आता काही अडवणारं नव्हतं.

"थोडं पाणी देतेस का गं?" मी म्हणालो.